जीएसटी कमी झाला, मग नवी गाडी घेताना घाम का फुटतोय? पुंडलिकनगरच्या गल्लीतून समजून घ्या अख्खं गणित

ऑक्टोबर २०१० मध्ये आपल्या शहराचं नाव देशभर गाजलं होतं. तेव्हाच्या औरंगाबादेतल्या उद्योजक, डॉक्टर आणि व्यावसायिकांनी एकत्र येऊन एकाच वेळी १५० मर्सिडीज गाड्या घेतल्या. सौदा जवळपास ६५ कोटींचा. स्टेट बँकेने त्यासाठी ४० कोटींहून अधिक कर्ज दिलं आणि तेही ७ टक्के व्याजाने, अशी चर्चा तेव्हा खूप रंगली. ट्रॅक्टर घेणाऱ्या शेतकऱ्याला याहून महाग कर्ज मिळतं, हे ज्येष्ठ पत्रकार पी. साईनाथ यांनी लिहून दाखवलं होतं.

त्या सौद्यातून एक साधी गोष्ट समजते. १५० जण मिळून गेले, म्हणून कंपनीपासून बँकेपर्यंत सगळे त्यांच्या दारात आले.

आता दुसरं टोक बघा. समजा, पुंडलिकनगरात एक कुटुंब राहतं. नवरा वाळूजला कंपनीत, बायको शाळेत शिक्षिका, दोन लेकरं आणि सोबत आई. पाच माणसांना दोन दुचाकी. आईला दवाखान्यात न्यायचं तर रिक्षा. पैठणला, जालन्याला लग्न असलं की दुसऱ्याची गाडी मागायची. या घराने ठरवलं, यंदा गाडी घ्यायची. बजेट आठ लाख. ते जालना रोडवरच्या शोरूममध्ये गेले. तिथे मात्र ते एकटेच असतात आणि समोरच्याकडे त्यांच्यापेक्षा दहापट माहिती असते.

गाड्या स्वस्त झाल्याच्या बातम्या येत असताना हे घर वैतागून परत का येतं? एकेक मुद्दा घेऊ.

जीएसटी कपातीने नेमकं काय झालं?

जीएसटी परिषदेची ५६ वी बैठक ३ सप्टेंबर २०२५ ला झाली आणि २२ सप्टेंबरपासून नवे दर लागू झाले. त्याआधी छोट्या पेट्रोल गाडीवर २८ टक्के जीएसटी आणि १ टक्का उपकर, म्हणजे २९ टक्के कर होता. छोट्या डिझेल गाडीवर ३१ टक्के होता. तो थेट १८ टक्क्यांवर आला. मोठ्या गाड्यांना जीएसटी आणि उपकर मिळून ४५ ते ५० टक्क्यांपर्यंत कर पडायचा, त्यांना ४० टक्क्यांचा एकच दर लागला. इलेक्ट्रिक गाड्यांचा ५ टक्के दर तसाच राहिला.

हा फायदा खरा आहे. आज ज्या छोट्या पेट्रोल गाडीची एक्स-शोरूम किंमत ८ लाख आहे, ती जुन्या दराने पावणेनऊ लाखांना पडली असती. म्हणजे ७५ हजारांच्या आसपास बचत. मारुतीने तर तेव्हा अल्टो के१० ची सुरुवातीची किंमत ३ लाख ६९ हजार ९०० आणि एस-प्रेसोची ३ लाख ४९ हजार ९०० पर्यंत खाली आणली. लोकांनीही प्रतिसाद दिला. डीलर्सची संघटना 'फाडा'च्या आकडेवारीनुसार २०२५ च्या ४२ दिवसांच्या सणासुदीच्या काळात प्रवासी गाड्यांची किरकोळ विक्री ७ लाख ६६ हजारांच्या वर गेली. आदल्या वर्षीपेक्षा ही वाढ २३ टक्क्यांची.

मग अडचण कुठे आहे? पहिली अडचण 'छोटी गाडी' कशाला म्हणायचं, इथूनच सुरू होते.

एर्टिगा आणि मर्सिडीज एकाच रांगेत कशा?

सरकारच्या लेखी छोटी गाडी म्हणजे दोन अटी पाळणारी गाडी. एक, लांबी ४ मीटरच्या आत. दोन, पेट्रोल, सीएनजी किंवा एलपीजीवर चालत असेल तर इंजिन १२०० सीसीपर्यंत आणि डिझेल असेल तर १५०० सीसीपर्यंत. यातली एक अट जरी चुकली तरी गाडी ४० टक्क्यांच्या गटात जाते.

आता दोन गाड्या शेजारी ठेवा. टाटा नेक्सॉन आणि मारुती ब्रेझा, दोघींची लांबी ३,९९५ मिलीमीटर. पण नेक्सॉनचं पेट्रोल इंजिन १,१९९ सीसीचं, म्हणून १८ टक्के. ब्रेझाचं १,४६२ सीसीचं, म्हणून ४० टक्के. रस्त्यावर बघणाऱ्याला दोन्ही सारख्याच दिसतात.

आपल्या पाच-सहा माणसांच्या घराची खरी पंचाईत पुढे आहे. आजी, आत्या, लेकरं सगळी एका गाडीत बसवायची तर सात सीटची गाडी लागते. एर्टिगा त्यासाठी लोकप्रिय. पण ती ४ मीटरपेक्षा लांब आहे आणि इंजिन १,४६२ सीसीचं आहे. त्यामुळे तिच्यावर ४० टक्के जीएसटी. मर्सिडीजवरही ४० टक्केच. गावाकडच्या लग्नाला अख्खं घर नेणारी गाडी आणि कोट्यवधींची आलिशान गाडी कराच्या एकाच रांगेत उभ्या आहेत.

हा नियम लांबी मोजतो, इंजिन मोजतो. गाडीत माणसं किती बसणार हे मात्र मोजत नाही. म्हणूनच सात सीट असूनही ४ मीटरच्या आत बसवलेली रेनो ट्रायबरसारखी गाडी १८ टक्क्यांत येते. पण सातही सीट भरल्या की तिच्यात सामानाला जागा उरत नाही.

एक्स-शोरूम आणि ऑन-रोड यांच्यामधले पैसे जातात कुठे?

रीलमध्ये, जाहिरातीत, होर्डिंगवर जी किंमत दिसते ती एक्स-शोरूम. आपण भरतो ती ऑन-रोड. वैताग सगळ्यात जास्त साठतो तो या दोन आकड्यांच्या मधे.

यातले काही खर्च टळत नाहीत:

- रोड टॅक्स: महाराष्ट्रात वैयक्तिक नावावरच्या पेट्रोल गाडीला १० लाखांपर्यंत ११ टक्के, १० ते २० लाखांना १२ टक्के आणि त्यावर १३ टक्के. डिझेलला हेच दर १३, १४ आणि १५ टक्के. सीएनजीला पूर्वी ७, ८ आणि ९ टक्के होते. जुलै २०२५ पासून त्यात राज्याने एकेक टक्का वाढवला. केंद्राने जीएसटी कमी केला त्याच वर्षी राज्याने सीएनजीवरचा कर वाढवला, हे कुणी फारसं बोललं नाही.
- थर्ड पार्टी विमा: सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशामुळे १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या कारला तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा एकदम घ्यावा लागतो. २०२२ मध्ये ठरलेल्या दरांनुसार १००० सीसीपर्यंत ६,५२१ रुपये, १००० ते १५०० सीसीला १०,६४० आणि त्यावर २४,५९६ रुपये. वर जीएसटी.
- नोंदणी शुल्क, कर्ज असेल तर बँकेचा बोजा चढवण्याचं शुल्क, फास्टॅग. या रकमा तुलनेने किरकोळ.

म्हणजे ८ लाखांच्या पेट्रोल गाडीवर नुसता रोड टॅक्स ८८ हजार. यात अजून एक गंमत आहे. त्या ८ लाखांत १ लाख २२ हजारांचा जीएसटी आधीच आहे. एक्स-शोरूम किमतीवर ११ टक्के लावले की जीएसटीच्या रकमेवरही जवळपास १३ हजार रोड टॅक्स बसतो. करावर कर म्हणतात तो हाच.

१० लाखांच्या रेषेवर तर सावधच राहा. ९ लाख ९५ हजारांच्या पेट्रोल गाडीला रोड टॅक्स बसतो १ लाख ९ हजार ४५०. गाडी १० लाख ५ हजारांची झाली की दर १२ टक्के होतो आणि टॅक्स होतो १ लाख २० हजार ६००. गाडी महागली दहा हजारांनी, टॅक्स वाढला अकरा हजारांनी. शिवाय १० लाखांवरच्या गाडीला १ टक्का टीसीएस कापतात. हे पैसे बुडत नाहीत, आयकर रिटर्नमध्ये वळते होतात किंवा परत मिळतात. पण अनेकांना ते माहीत नसतं आणि ते खर्चात धरून बसतात.

आता ज्या खर्चांना 'नाही' म्हणता येतं ते बघू:

- शोरूमचाच विमा: विमा नियामक 'आयआरडीएआय'च्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार डीलर तुम्हाला ठरावीक कंपनीचा विमा घ्यायची सक्ती करू शकत नाही. गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा जो विमा असतो, त्याचे दर कंपनीगणिक बदलतात. बाहेरून दोन कोटेशन आणून दाखवली की शोरूमचा आकडाही खाली येतो. 'बाहेरचा घेतला तर कॅशलेस होणार नाही' असं सांगितलं जातं. त्यावर उपाय साधा आहे: त्या विमा कंपनीच्या कॅशलेस गॅरेजच्या यादीत तुमचं सर्व्हिस सेंटर आहे का ते आधी बघा.
- हँडलिंग चार्जेस: गाडी गोदामातून शोरूमपर्यंत आणणं हे डीलरचं काम. त्याचे वेगळे पैसे घेण्याची तरतूद मोटार वाहन कायद्यात नाही. कोटेशनमध्ये अशी ओळ दिसली तर 'हे कशाचे?' असं लेखी विचारा.
- बेसिक किट: मॅट, मडफ्लॅप, सीट कव्हर, बॉडी कव्हर आणि वर कोटिंग. बाजारात यातलं बरंच स्वस्तात मिळतं. 'किटशिवाय गाडी मिळणार नाही' हे वाक्य कंपनीच्या नियमात नसतं, विक्रीच्या टार्गेटमध्ये असतं.

इथे शोरूममधल्या मुलांना शिव्या घालून उपयोग नाही. त्यांचा पगार टार्गेटवर चालतो. गाडीवर डीलरला सुटणारी रक्कम मर्यादित असते, म्हणून विमा, कर्ज आणि ॲक्सेसरीजवर भर दिला जातो. पण त्याचा भार शेवटी गिऱ्हाइकावरच येतो.

डिस्काउंट नक्की ठरवतं कोण?

'अजून पाच हजार कमी करा ना' असं आपण म्हणतो, सेल्समन आत जातो, दहा मिनिटांनी येतो आणि मान हलवतो. आपल्याला वाटतं डीलर कंजूष आहे. दर वेळी तसं नसतं.

भारतीय स्पर्धा आयोगाने २३ ऑगस्ट २०२१ ला मारुती सुझुकीला २०० कोटींचा दंड ठोठावला. आयोगाचं म्हणणं होतं की ठरवून दिलेल्या मर्यादेपेक्षा जास्त सूट देण्यापासून कंपनी आपल्या डीलर्सना रोखत होती. त्यासाठी गिऱ्हाईक बनून शोरूममध्ये जाणारी माणसं पाठवली जायची. कुणी जास्त सूट दिलेली सापडली तर डीलरला आणि तिथल्या कर्मचाऱ्यांनाही दंड व्हायचा, असं आदेशात नमूद आहे. कंपनीने या आदेशाला अपील न्यायाधिकरणात आव्हान दिलं.

आपल्यासाठी महत्त्वाची गोष्ट वेगळीच आहे. हे प्रकरण एका निनावी ई-मेलवरून सुरू झालं आणि त्यातली तक्रार ज्या विभागाबद्दल होती तो होता मुंबई वगळून उरलेला महाराष्ट्र आणि गोवा. म्हणजे आपणच.

याचा अर्थ दोन डीलर आमनेसामने असले तरी त्यांच्यात स्पर्धा असेलच असं नाही. २०१० च्या १५० जणांनी कंपनीशीच बोलणी केली. एकट्या घराला ते शक्य नाही. तरीही एक गोष्ट करता येते. एकच मॉडेल, एकच व्हेरियंट धरून आपल्या शहरातून, जालन्यातून आणि अहिल्यानगरमधून कोटेशन मागवा. एक्स-शोरूम सारखीच येईल, पण विमा, किट, एक्सचेंज बोनस आणि कॉर्पोरेट सूट यात फरक दिसेल.

बेस मॉडेलमध्ये सगळं अर्धवट का?

जाहिरातीत किंमत बेस मॉडेलची आणि फोटो टॉप मॉडेलचा. शोरूममध्ये बसून बघायला मिळते तीही बहुतेक वेळा टॉप किंवा त्याच्या खालची. बेस बघायची म्हटलं की 'स्टॉकमध्ये नाही' हे उत्तर अनेकांच्या ओळखीचं असेल.

यात सनरूफ गेलं तर बिघडत नाही. खरा प्रश्न सुरक्षेचा आहे. केंद्राने जानेवारी २०२२ मध्ये सहा एअरबॅग सक्तीच्या करण्याचा मसुदा आणला. ऑक्टोबर २०२२ ची मुदत ऑक्टोबर २०२३ वर गेली. आणि सप्टेंबर २०२३ मध्ये केंद्रीय मंत्री नितीन गडकरी यांनी ही सक्ती करणार नसल्याचं सांगितलं. मधल्या काळात, सप्टेंबर २०२२ मध्ये, पालघर जिल्ह्यात उद्योगपती सायरस मिस्त्री यांचा अपघाती मृत्यू झाला. ते मागच्या सीटवर होते आणि त्यांनी बेल्ट लावला नव्हता. त्यानंतर मागच्या सीटच्या बेल्टची चर्चा घराघरांत झाली.

सक्ती झाली नाही, पण बाजार बदलला. मारुतीने २०२५ मध्ये अल्टो के१०, वॅगन-आर, सेलेरिओ आणि ईको या गाड्यांना सहा एअरबॅग सगळ्या व्हेरियंटमध्ये दिल्या. १ ऑक्टोबर २०२३ पासून 'भारत एनकॅप' ही आपली स्वतःची क्रॅश टेस्टही सुरू झाली. मात्र ती ऐच्छिक आहे. कंपनीने गाडी पाठवली तरच टेस्ट होते.

म्हणून शोरूममध्ये 'फाइव्ह स्टार आहे का?' एवढंच विचारू नका. हे विचारा:

- टेस्ट भारत एनकॅपची की ग्लोबल एनकॅपची, आणि कोणत्या वर्षाची?
- मी घेतोय त्याच व्हेरियंटमध्ये तेवढ्याच एअरबॅग आहेत का?
- मुलांच्या सुरक्षेचे स्टार किती? मोठ्यांचा आणि लहानांचा निकाल वेगवेगळा असतो.
- लहान मुलाची सीट बसवायला आयसोफिक्सचे हुक आहेत का?

दोन लेकरं असलेल्या घरासाठी शेवटचे दोन प्रश्न टचस्क्रीनच्या इंचांपेक्षा महत्त्वाचे आहेत. पण सेल्समनच्या माहितीपत्रकात ते सगळ्यात खाली असतात.

पेट्रोल, सीएनजी की इलेक्ट्रिक?

पूर्वी प्रश्न सोपा होता. रनिंग जास्त तर डिझेल, कमी तर पेट्रोल. १ एप्रिल २०२० ला बीएस-६ नियम आले आणि छोट्या गाड्यांमधून डिझेल जवळपास गायब झालं.

पेट्रोल घ्यावं तर इथेनॉलचा गोंधळ. आता पंपावर २० टक्के इथेनॉल मिसळलेलं ई-२० पेट्रोल मिळतं. नव्या गाड्या त्यासाठीच बनवलेल्या आहेत, त्यामुळे नवी घेणाऱ्याने इंजिनाची फार काळजी करायचं कारण नाही. पण मायलेजवर थोडा परिणाम होतो, हे पेट्रोलियम मंत्रालयानेही ऑगस्ट २०२५ मध्ये मान्य केलं होतं. ई-२० साठी जुळवलेल्या गाडीत घट १ ते २ टक्के, इतर गाड्यांत ३ ते ६ टक्के. लोकांची चीड मायलेजपेक्षा पंपावर दुसरा पर्यायच नसण्यावर आहे.

सीएनजी रोजच्या वाळूज-शेंद्र्याच्या चकरांना स्वस्त पडतो. पण सिलिंडर डिकी खातो. पाच माणसं घेऊन गावाला निघालं की बॅगा मांडीवर. पंपावरची रांग वेगळी. काही कंपन्यांनी दोन छोटे सिलिंडर खाली बसवून डिकी वाचवली आहे. सीएनजी घ्यायचाच असेल तर डिकी उघडून, आपली रोजची बॅग ठेवूनच बघा.

इलेक्ट्रिक गाडी कागदावर सगळ्यात फायद्याची. जीएसटी ५ टक्के. राज्याच्या २०२५ च्या ईव्ही धोरणानुसार रोड टॅक्स माफ आणि समृद्धी महामार्गावर टोलमाफी. पण ती घरी चार्ज करता आली तरच परवडते. बंगल्याच्या पोर्चमध्ये चार्जर बसतो. भाड्याच्या घरात, दुसऱ्या मजल्यावर राहणाऱ्याने काय करायचं? खिडकीतून वायर सोडून गल्लीतल्या गाडीला जोडणं धोक्याचं आहे. म्हणजे सरकारची सगळ्यात मोठी करसवलत ज्याच्याकडे स्वतःची पार्किंग आहे त्यालाच मिळते.

आणि गाडी लावायची कुठे?

पुंडलिकनगर, हनुमाननगर, गारखेडा परिसरातल्या गल्ल्या ज्यांनी बघितल्या आहेत त्यांना हा प्रश्न वेगळा सांगायला नको. छोटे प्लॉट, भिंतीला भिंत लागून घरं, खाली दुकान किंवा भाडेकरू. अंगण असलंच तर दोन दुचाकींनी भरलेलं. दोन्ही बाजूंना गाड्या लागल्या की पाण्याचा टँकर आत येत नाही, आणि मग अख्ख्या गल्लीचं भांडण होतं.

मे २०२५ मध्ये परिवहनमंत्री प्रताप सरनाईक यांनी मुंबईत पार्किंगची जागा असल्याचं प्रमाणपत्र नसेल तर नव्या गाडीची नोंदणी करणार नाही, अशी भूमिका मांडली होती. तसा नियम उद्या आपल्याकडे आला तर पुंडलिकनगरातली कितीतरी घरं थेट बाद होतील. दुसरीकडे, ज्या शहरात सिटी बस दर थोड्या वेळाने गल्लीच्या तोंडाशी येत नाही, तिथे गाडी ही चैन राहत नाही, गरज होते.

यातला विरोधाभास बघा. गल्ल्या अरुंद आणि गाड्या मात्र मोठ्या होत चालल्या. वाहन उत्पादकांची संघटना 'सियाम'च्या आकडेवारीनुसार २०२४-२५ मध्ये देशात ४३ लाख प्रवासी गाड्या विकल्या गेल्या. त्यातल्या ६५ टक्के एसयूव्ही आणि एमपीव्ही प्रकारातल्या होत्या. छोट्या हॅचबॅक बंद होत गेल्या. नॅनो गेली, सँट्रो गेली, अल्टो ८०० गेली. कंपन्या म्हणतात, लोकांना उंच गाडीच हवी. ते खरंही आहे, खड्डे आणि स्पीडब्रेकर बघता लोकांचं चुकत नाही. पण पुंडलिकनगरच्या गल्लीत वळणारी, गच्चीएवढ्या जागेत मावणारी गाडी हवी असणाऱ्याला पर्याय कमी झाले, हेही तितकंच खरं.

हप्ता बसतो म्हणजे गाडी परवडते का?

रिझर्व्ह बँकेने २०२५ मध्ये रेपो दर ६.५ टक्क्यांवरून टप्प्याटप्प्याने ५.२५ टक्क्यांवर आणला. कर्ज थोडं स्वस्त झालं. पण शोरूममधला खेळ व्याजदराचा नसतो, मुदतीचा असतो. 'सर, तुमचा हप्ता किती बसतो ते सांगा, गाडी मी बसवतो' हे वाक्य ऐकलं की सावध व्हा.

समजा ७ लाखांचं कर्ज ९ टक्क्यांनी घेतलं. पाच वर्षांसाठी हप्ता येतो १४,५३० च्या आसपास आणि एकूण व्याज जातं १ लाख ७२ हजार. सात वर्षांसाठी हप्ता ११,२६० वर येतो, पण व्याज होतं २ लाख ४६ हजार. महिन्याला सव्वातीन हजार हलकं वाटतं आणि शेवटी ७४ हजार जास्त जातात. जीएसटी कपातीत वाचलेले ७५ हजार आठवतात का? ते इथे परत गेले.

शिवाय हप्ता म्हणजे गाडीचा पूर्ण खर्च नाही. इंधन, दरवर्षीचा विमा, सर्व्हिसिंग, चार-पाच वर्षांनी टायर. हप्ता आणि हे सगळं मिळून दोघांच्या हातात येणाऱ्या पगाराच्या पाचव्या भागाच्या आत बसत असेल, तर घराची ओढाताण होत नाही. हा कायदा नाही, पण शाळेची फी आणि आईची औषधं आधी मोजणाऱ्या घराला उपयोगी पडेल असा अंदाज आहे.

आधी गाडी मिळत नव्हती, आता कळत नाही

आपल्या आजोबांच्या पिढीचा वैताग वेगळा होता. कुर्ल्यात बनणारी प्रीमियर पद्मिनी किंवा अँबेसिडर, एवढ्यातच निवड. नंबर लावायचा आणि वर्षानुवर्षं थांबायचं. बजाजच्या स्कूटरलाही तीच रांग. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली, सुमारे साडेसत्तेचाळीस हजारांना, आणि मध्यमवर्गाला पहिल्यांदा वाटलं की कार आपलीही होऊ शकते.

आज टंचाई गाड्यांची नाही. आपल्याच शेंद्र्यात २००१ पासून स्कोडाचा कारखाना आहे. वाळूजमधून बजाजच्या गाड्या जगभर जातात. टोयोटा किर्लोस्करने जुलै २०२४ मध्ये राज्य सरकारशी करार करून २० हजार कोटींच्या प्रकल्पासाठी आपलाच जिल्हा निवडला. गाड्या बनवणाऱ्या शहरात राहणाऱ्या माणसाला गाडी घेताना मात्र सरळ, स्पष्ट आकडा मिळत नाही. टंचाई आहे ती या आकड्याची.

फसलं तर दाद कुठे मागायची?

- सगळं लेखी घ्या. कोटेशन, बुकिंगची पावती, डिलिव्हरीची तारीख, रद्द केल्यास किती पैसे कापणार हे सुद्धा. बुकिंग फॉर्मवर बहुतेक वेळा 'डिलिव्हरीच्या दिवशीची किंमत लागू' असं बारीक अक्षरात असतं. ते वाचूनच सही करा.
- पूर्ण पैसे भरण्याआधी आणि पासिंगआधी गाडी दिवसाउजेडी बघा. चेसिस नंबरवरून बनल्याचा महिना आणि वर्ष तपासा. रंगात फरक, टायरची तारीख, किलोमीटर बघा. एकदा नोंदणी झाली की बदलून मागणं अवघड होतं.
- तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५.
- तिथे सुटलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. ५० लाखांपर्यंतच्या खरेदीचे दावे तिथे चालतात. ५ ते १० लाखांच्या व्यवहाराला शुल्क फक्त २०० रुपये, १० ते २० लाखांना ४०० रुपये. २०१९ च्या कायद्याने तुम्ही जिथे राहता त्या जिल्ह्यात दावा करता येतो, कंपनीचं मुख्यालय कुठेही असो.

मग बदलायला काय हवं?

जीएसटी कमी करणं हा निर्णय चांगलाच होता. पण किंमत हा प्रश्नाचा एक भाग झाला. औषधाच्या पाकिटावर, बिस्किटाच्या पुड्यावर सगळे कर धरून कमाल किंमत छापलेली असते. घरानंतरच्या सगळ्यात मोठ्या खरेदीला मात्र असा एक आकडा नाही. सगळ्या शोरूममध्ये एकाच नमुन्याचं ऑन-रोड कोटेशन सक्तीचं करणं कठीण नाही: सरकारचे कर एका रकान्यात, सक्तीचा विमा दुसऱ्यात आणि 'नको म्हणू शकता' असं स्पष्ट लिहिलेले खर्च तिसऱ्यात. सरकारच्या तिजोरीला त्याचा एक रुपयाही तोटा नाही.

ते होईपर्यंत गिऱ्हाइकाच्या हातात एकच गोष्ट आहे, आणि ती या शहराने २०१० मध्येच दाखवून दिली आहे: एकटं जाऊ नका. १५० जण लागत नाहीत. कंपनीतले, शाळेतले, गल्लीतले चार जण यंदा गाडी घेणार असतील तर त्यांची कोटेशन एका व्हॉट्सॲप ग्रुपवर शेजारी शेजारी ठेवा. कुणाला हँडलिंग लावलं, कुणाला नाही, कुणाचा विमा किती, हे पाच मिनिटांत उघडं पडतं. ज्याने गेल्या वर्षी गाडी घेतली त्याच्याकडून पेढे घेतलेच असतील, आता त्याचं बिलही मागून घ्या.